सायकल घेण्याआधी पंक्चरवाल्याला विचारा

ऑफिसला जायला कोणती सायकल घ्यावी, असं मला वर्षातून तीन-चार जण तरी विचारतात. बहुतेकांनी आधीच मोबाइलवर दहा सायकली पाहिलेल्या असतात. एकवीस गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. माझ्या तोंडून त्यांना फक्त "घेऊन टाक" एवढंच ऐकायचं असतं. मी उलट विचारतो, "तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यावर पंक्चर काढणारा कुठे बसतो?" बऱ्याच जणांना ते सांगता येत नाही. माझ्या मते सायकलची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

मी सहा वर्षं कोंढव्याहून शिवाजीनगरला सायकलने जातोय. नऊ-दहा किलोमीटर पडतात. सकाळी फारसा त्रास नाही, संध्याकाळी थकल्यावर गोळीबार मैदानाकडून लुल्लानगरचा चढ असतो. पाठीवर डबा आणि लॅपटॉप, जुलैत पाऊस, आणि खड्डे बाराही महिने. हा व्यायाम नाही आणि शर्यतही नाही. पोहोचून दिवसभर काम करायचं आहे, तेही चिखल न उडालेल्या पँटमध्ये.

आता शोरूममधली चकचकीत सायकल बघा. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनकव्हर नाही, घंटी नाही. स्टँड असलाच तर काडीसारखा. म्हणजे रोजच्या माणसाला जे लागतं तेवढंच काढून घेतलंय आणि जे लागत नाही ते लावलंय. स्वस्त सायकलीचं पुढचं सस्पेन्शन खड्ड्यात थोडंफार कामाला येतं, पण त्याचं वजन दोन-अडीच किलो, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमची काही ताकद ते वरखाली डुलण्यातच घालवतं. जाड, गाठी-गाठींचा टायर डोंगरातल्या मातीसाठी आहे. डांबरी रस्त्यावर तो घरघर आवाज करत पुढे जायला नको म्हणतो. मधल्या रुंदीचा, गुळगुळीत नक्षीचा टायर आणि मागे सात गिअर, पुढे एकच चक्र, एवढ्यात पुण्यातले रोजचे चढ निघतात. एकवीसपैकी कितीतरी गिअर एकमेकांसारखेच असतात, हे दुकानदार सांगत नाही.

ब्रेकचं थोडं बघून घ्यावं. आमच्या अब्बांच्या अठ्ठावीस इंची सायकलीला सळईचे ब्रेक आणि लोखंडी रिम होती. पावसात ते ब्रेक म्हणजे देवाचं नाव घेण्याचं निमित्त. तसली सायकल आज कुणी दिली तरी शहराच्या गर्दीत मी नेणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून थेट डिस्कवर उडी मारायचीही गरज नाही. ॲल्युमिनियमची रिम आणि तारेचे साधे रबरी ब्रेक पावसातही पुरेसे धरतात. त्यांचं रबर झिजलं तर कुठल्याही दुकानात मिळतं आणि दहा मिनिटांत बसतं. डिस्कची पातळ चकती गर्दीच्या स्टँडवर शेजारच्या गाडीच्या धक्क्याने वाकते, मग ती दिवसभर घासत बसते.

अशी वाकलेली चकती घेऊन एक सहकारी माझ्याबरोबर आमच्या वाटेवरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे आला होता. त्यांनी चाक फिरवलं, बघितलं आणि म्हणाले, "बाबू, ये मेरे पास नै होता. कंपनी को फोन लगाव." कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. सायकल तीन आठवडे घरी भिंतीला टेकून राहिली आणि चौथ्या आठवड्यात तो स्कूटरवर आला. सायकली अशाच सुटतात. चढामुळे कुणी सोडली असं मी फारसं पाहिलेलं नाही. दुरुस्ती अडते आणि सवय मोडते.

म्हणून व्हॉल्व्हसारखी बारीक गोष्टसुद्धा बघायची. मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोलपंपावरही हवा भरता येते. जुन्या सायकलीचा व्हॉल्व्ह असेल तर चाचांचा पंप आहेच. महागड्या सायकलीचा तो बारीक, सुईसारखा व्हॉल्व्ह रस्त्यावर कुणाच्या नळीत बसत नाही. त्यासाठी वेगळी टोपी खिशात घेऊन फिरावं लागतं. चाकाचंही तसंच. सव्वीस इंची ट्यूब कुठेही मिळेल. साडेसत्तावीस किंवा एकोणतीसची आपल्या कोपऱ्यावरच्या माणसाकडे आहे का, ते घेण्याआधी विचारा. खरंच जाऊन विचारा. तो तुम्हाला कुठल्या सायकलीचं काय मोडतं, तेही सांगेल. कुठली कंपनी ते छापत नाही.

आणि आता या माणसाबद्दल थोडं बोलायचं आहे. समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायचं असलं की 'पंक्चरवाला' हा शब्द वापरतात. आताशा मोठ्या व्यासपीठांवरूनही मुसलमान आणि पंक्चर ही जोडी ऐकू येते. आपली पोरं चिडतात आणि उत्तर म्हणून अब्दुल कलामांचा फोटो टाकतात. राग मी समजू शकतो, उत्तर मला पटत नाही. त्या उत्तरात पंक्चर काढणं हलकं काम आहे हे आपण आधीच कबूल करून बसतो. फक्त आमच्यातले सगळेच ते करत नाहीत हो, एवढीच आपली तक्रार उरते.

ते काम एकदा शेजारी बसून बघावं. चाक न काढता टायरची एक कड पान्याने उचलायची, ट्यूब ओढून हवा भरायची, घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच फिरवून बुडबुडा शोधायचा. जागा पुसून कोरडी करायची, घासायची, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं. घाईत पॅच लावला तर संध्याकाळी तो सुटतो. मग टायरच्या आतून बोटं फिरवायची, कारण काटा तिथेच असेल तर सगळी मेहनत वाया. नवखा माणूस हे विसरतो. चाकाचा आऊट काढणं तर याहून नाजूक: एकेक तार पाव फेरा कसायची, समोरची ढिली करायची, नजरेने. शहरात सायकल चालते ती या बोटांच्या जिवावर. महापालिकेने 2017 मध्ये शेकडो किलोमीटरच्या मार्गांचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षअखेरीपासून भाड्याच्या रंगीत सायकली ॲपवर आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. झाडाखालचा पंक्चरवाला मात्र होता तिथेच आहे.

चाचांचा मुलगा आयटीआयला आहे आणि त्याने हा धंदा करावा असं त्यांना वाटत नाही. बरोबरच आहे. फूटपाथवर बसायला परवाना नाही, अतिक्रमणवाले कधी येतील ते सांगता येत नाही, पावसाळ्यात निम्मे दिवस ताडपत्रीखाली. मी या धंद्याची आरती ओवाळत नाही. पण ज्याला रोज सायकलने जायचंय त्याने आपले पैसे या माणसाकडे वळतील अशी सायकल घ्यावी, हे मला फॅशनपेक्षा मोठं कारण वाटतं.

दुसरा प्रश्न दांडीचा. वरची दांडी नसलेली, वाकलेल्या फ्रेमची सायकल आपल्याकडे 'लेडीज' ठरली आणि पुरुषांनी सोडून दिली. कॅरियरवर सामान असताना सिग्नलला पाय टाकायला, बुरखा किंवा साडी नेसून चढायला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीच सोयीची. नेदरलँड्समध्ये बाप्येही बिनदिक्कत ती चालवतात. मात्र हाही नियम नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेतून 1990 नंतरच्या वर्षांत हजारो बायका सायकल शिकल्या, त्यात मुस्लिम बायकाही होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि पी. साईनाथ यांनी लिहिलंय की काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर मूल बसवता येत होतं. तेव्हा मागे बसणार कोण आणि काय न्यायचंय, ते बघून ठरवा. ओढणी किंवा बुरखा असेल तर पूर्ण झाकणारं चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. तिथे काटकसर नको.

उंचीसाठी सोपी खूण: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. दुकानदार सीट खालीच ठेवतो, कारण ग्राहकाला दोन्ही पाय जमिनीला टेकलेले बरे वाटतात. त्याने वर्षभरात गुडघे बोलायला लागतात.

पैशांचं म्हणाल, तर साधी चांगली सायकल मोटारसायकलीच्या काही हप्त्यांत येते. अडचण पैशांची नसतेच. जुम्म्याला मशिदीच्या दारात सायकल लावली की ओळखीचा माणूस दबक्या आवाजात विचारतो, "सब खैरियत है ना?" लग्नाच्या बोलणीत मुलगा सायकलवर ऑफिसला जातो हे कुणी सांगत नाही, जहेजमध्ये गाडी मागताना मात्र लाज वाटत नाही. एका ऑफिसात वॉचमनने माझी सायकल कचऱ्याच्या डब्याशेजारी लावायला सांगितली होती, कारण 'पार्किंग गाड्यांसाठी' होतं. मी एचआरला लेखी पत्र दिलं, चार जणांच्या सह्या घेतल्या. दोन महिन्यांनी लोखंडी रॅक बसला. आज त्यात अकरा सायकली असतात, त्यातल्या तीन हाऊसकीपिंगच्या मुलांच्या, ज्या आधी भिंतीपलीकडे उभ्या असायच्या.