उन्हाळ्यापूर्वी एकदा चेन्नई



मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत प्रवासाचा सल्ला कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडणे स्वाभाविक आहे. माझे मत आरंभीच सांगतो. गोंदिया जिल्ह्यात राहून मराठीची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने, सवड आणि ऐपत असेल तर, एकदा चेन्नई शहर पाहावे. आणि ते फेब्रुवारी सरण्यापूर्वी पाहावे. समुद्र आणि देवळे तर दिसतीलच. परंतु मी हे सुचवतो आहे ते भाषेसाठी.

आधी हवामानाचे बोलू, कारण त्यातही भाषा आहे. आपला उन्हाळा कोरडा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, झळा लागतात, अंगाची काहिली होते. तरीही मोहाच्या गर्द सावलीत बसले की जीव थंडावतो. चेन्नईचा पारा आपल्याइतका क्वचितच चढतो, पण तेथील हवा समुद्राच्या बाष्पाने जड झालेली असते. घाम येतो तो वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. सावलीचा उपयोग होत नाही आणि रात्रीही सुटका नसते. याला मराठीत ‘उकाडा’ हा नेमका शब्द आहे. शब्दकोशात ‘झळ’ आणि ‘उकाडा’ एकमेकांजवळ ठेवलेले आढळतात, म्हणून ते समानार्थी होत नाहीत. आपल्या बोलीतील ‘तपन’ हा शब्द झळांच्या प्रदेशाचा आहे. तो चेन्नईला लागू पडणार नाही. आपण सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की ‘नवतपा’ मोजतो. तमिळ पंचांगात कृत्तिका नक्षत्राशी जोडलेला ‘अग्नि नक्षत्रम्’ हा काळ जवळजवळ संपूर्ण मे महिना व्यापतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तेथे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. राहिले जानेवारी आणि फेब्रुवारी. तेव्हा दुपारी तापमान साधारणपणे ३० अंशांच्या आसपास असते, आणि पायी हिंडता येते.

आपल्या कामाच्या वर्षातही हीच फट आहे. मुक्त विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी नुसते विद्यार्थी नसतात. खरिपाच्या धानाची मळणी आणि विक्री तोवर आटोपलेली असते, मोहफुले मार्चमध्ये पडू लागतात, तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्याचा, परीक्षाही उन्हाळ्यात. ज्यांच्याकडे उन्हाळी धान आहे त्यांना मात्र ही सवलत नाही, हे मला ठाऊक आहे.

गोंदियाहून नागभीड, चांदा फोर्टमार्गे बल्लारशाकडे रेल्वे जाते आणि तेथून चेन्नईची मुख्य वाट लागते. हा प्रवास झोपून काढू नका. बल्लारशानंतर थोड्याच वेळात स्थानकांच्या पाट्यांवर तेलुगू लिपी येते. वरंगळ, विजयवाडा मागे पडतात, आणि पुढे केव्हातरी तमिळ अक्षरे दिसू लागतात. भाषांच्या सीमा नकाशावर रेषेने दाखवतात, पण डब्यातील प्रवाशांच्या बोलण्यात त्या रेषा तशा नसतात. दोन स्थानकांमध्ये एकच बाई तीन भाषांत सौदा करते, हे ऐकायला मिळाले तर पाठ्यपुस्तकातील ‘द्वैभाषिकता’ हे प्रकरण पुन्हा वाचण्याचे कारण उरणार नाही.

चेन्नईहून परतलेल्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो: “तिथे हिंदी चालत नाही.” माझ्या मते, मराठीच्या विद्यार्थ्यासाठी हा त्या शहराचा गुण आहे. आपल्या जिल्ह्याच्या एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव; बाजारात हिंदीवाचून आपले अडत नाही असे क्वचितच घडते. त्यामुळे आपली भाषा बाजूला ठेवून दुसरी वापरण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही. १९६५ साली राजभाषेच्या प्रश्नावर जेथे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्या शहरात दोन दिवस काढले म्हणजे या सवयीकडे निदान पाहता तरी येते. त्या आंदोलनाशी तुम्ही सहमत व्हावे, असे माझे म्हणणे नाही.

तमिळ येत नसतानाही कान उघडे ठेवून ऐका. मराठीत ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, याचा भेद आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. तमिळमध्ये तो आहे: ‘नांगळ्’ म्हणजे आम्ही, ‘नाम्’ म्हणजे आपण. ‘येतो म्हणून म्हणाला’ हे वाक्य घ्या. तमिळमध्ये ते ‘वरेन् एन्रु सोन्नान्’ असे होते. शब्दांचा क्रम जसाच्या तसा, आणि ‘एन्रु’चे मूळही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूत. मराठी आर्य कुळातील आहे हे खरेच, पण शेजाराने तिला घडवले आहे. एमेनो यांनी १९५६ साली ‘भारत: एक भाषिक क्षेत्र’ ही कल्पना मांडली ती अशाच साम्यांच्या आधारावर. आणखी एक गंमत. ‘पळम्’ म्हणजे फळ. त्यातील खास तमिळ ‘ळ’चा उच्चार चेन्नईच्या वस्त्यांतील बोलीत ‘य’ होतो आणि शब्द ‘पयम्’ असा ऐकू येतो. वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो, आपल्या झाडीबोलीत ‘कारा’. तेथील सुशिक्षितही त्या बोलीला हसतात, हेही साम्य आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मरीना किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी पुतळे उभारले गेले. त्यांत तिरुवळ्ळुवर आहेत, भारती आहेत, आणि बिशप रॉबर्ट कॉल्डवेल हेही आहेत. व्याकरणकाराचा पुतळा समुद्रकिनारी उभारणारे शहर तुम्हांला दुसरे कोणते आठवते? मद्रासचे कलेक्टर एलिस यांनी १८१६ मध्ये दक्षिणेतील भाषांचे कुळ संस्कृतपासून वेगळे आहे, हे दाखवून दिले होते; कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्रविड भाषांचे तुलनात्मक व्याकरण सिद्ध करून त्या कुळाला नाव आणि पाया दिला. त्या कुळात त्यांनी गोंडीची गणना केली. होय, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील आपल्या शेजाऱ्यांची गोंडी. पण त्याच ग्रंथात त्यांनी कुळाचे दोन भाग पाडले. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या संस्कारित. गोंडी आणि तिच्यासारख्या काही भाषा असंस्कारित. कुळाचे प्रमाण पुढे अधिक भक्कम झाले, आणि गोंडी तेलुगूच्या अधिक जवळची आहे हेही स्पष्ट झाले. दुसरी वाटणी मात्र व्याकरणाची नव्हतीच. ती लेखनाच्या परंपरेवरून केलेली प्रतवारी होती, आणि ती आपल्या वर्गांत आजही चालू आहे.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८० हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. आठव्या अनुसूचीत ती नाही. शेजारच्या बालाघाटमधील मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी लिपी तयार केली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? प्रवेशअर्जातील मातृभाषेच्या रकान्यात घरी गोंडी बोलणारा मुलगा ‘मराठी’ लिहितो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. विचारले तर सांगतो, “सर, ती काही भाषा नाही, घरची बोली आहे.” त्या मुलाने मरीनावर जाऊन पाहावे की जिला तो घरची बोली म्हणतो तिच्या नात्यातील भाषेसाठी एक शहर काय काय करते. आणि त्याच्या शेजारच्या बाकावरील मराठी मुलाने तर अवश्य पाहावे.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने सकाळी तंजावरला पोहोचता येते. ती एक रात्र वाचवू नका. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी दफ्तरे आहेत. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगाच्या कितीतरी आधी शहाजीराजांच्या दरबारात मराठी नाटके रचली गेली. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून आला, ही तेथे सांगितली जाणारी कथा मात्र कथा म्हणूनच ऐकावी. व्युत्पत्ती चवीवरून ठरत नाही.

तंजावरी मराठी आजही काही घरांत बोलली जाते, आणि त्यांतील अनेक कुटुंबे आता चेन्नईत आहेत. शाळा तमिळ किंवा इंग्रजी, बाजार तमिळ, मराठी फक्त स्वयंपाकघरात. मराठी माणसाला हे ऐकून हळहळ वाटते. ती मी वर्गात कितीदा पाहिली आहे. सालेकशातील गोंडी घराची स्थिती याहून निराळी नाही. तेथे शाळा आणि बाजार आपल्या भाषेचे असतात, एवढाच फरक. हळहळ मात्र तेथवर पोहोचत नाही. माझ्या लेखी भाषेच्या अभ्यासकाची परीक्षा या ठिकाणी आहे.

म्हणून जाण्याचा क्रम मी असा सुचवीन. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. दरेकसा स्थानकापासून ती जवळ आहे. निरनिराळ्या राज्यांतून गोंड भाविक येतात. प्रथम तेथे जा. कोणा वडीलधाऱ्यांजवळ बसून गोंडीतील अंक विचारा. उच्चार गावागणिक थोडा बदलेल, पण बहुधा उंदी, रंड, मूंड, नालुंग असे काहीसे ऐकू येईल. हात, झाड, मासा यांना काय म्हणतात तेही वहीत लिहून घ्या. मग चेन्नईची गाडी धरा, आणि रस्त्याकडेच्या फळवालीकडे केळी मोजून घेताना तिचे ओण्णु, रेंडु, मूणु, नालु लक्ष देऊन ऐका.