पिठाची पोती, छापील फुले आणि एक फार गोड गोष्ट

अमेरिकेतील महामंदीविषयीची एक गोष्ट समाजमाध्यमांवर अधूनमधून नव्याने फिरू लागते. १९३० च्या दशकात केन्सासमधील पीठगिरण्यांच्या मालकांना म्हणे असे आढळले, की गरीब आया रिकाम्या पोत्यांतून मुलांचे कपडे शिवत आहेत. मालकांचे हृदय द्रवले आणि त्यांनी पोत्यांवर फुले छापायला घेतली. सोबत रंगीबेरंगी पोत्यांच्या थप्पीचे जुने छायाचित्र असते. माणुसकी कशी होती पाहा, असे म्हणून लोक ते पुढे पाठवतात. या गोष्टीतले पोते खरे आहे, फुलेही खरी आहेत. द्रवलेले हृदय तेवढे नंतर कोणीतरी शिवलेले ठिगळ आहे.

एरवी अशा गोष्टीकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु या पोत्यांचे कापड आज संग्राह्य वस्तू झाले आहे. जुनी पोती शोधून, विकत घेऊन, उसवून त्यांचे क्विल्ट, म्हणजे अमेरिकी धाटणीच्या गोधड्या, शिवणारा मोठा वर्ग तिकडे आहे. काय जपायचे, काय धुऊन टाकायचे आणि कशाला कात्री लावायची, याचा निवाडा हे संग्राहक रोज करत असतात, आणि त्या निवाड्यामागे बहुधा हीच गोड गोष्ट उभी असते. म्हणून ती उसवून पाहणे आवश्यक ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पीठ, साखर, मीठ हा माल लाकडी पिंपांतून जाई. पिठाचे एक पिंप १९६ पौंडांचे. पिंप जड, महाग आणि गळके. कापडी पिशवी त्याहून सोयीची, पण हातशिलाईचा टाका एवढे वजन पेलत नसे. १८४६ मध्ये एलायस हाऊ याने शिवणयंत्राचे एकस्व घेतले आणि पुढील काही दशकांत यंत्राच्या पक्क्या शिलाईने तो प्रश्न सोडवला. बेमिस बंधूंची पोत्यांची कंपनी १८५८ मध्ये सेंट लुईस येथे सुरू झाली. नव्या पोत्यांनी मापे मात्र पिंपाचीच राखली: ९८ पौंड म्हणजे अर्धे पिंप, ४९ म्हणजे पाव. पिंप गेले तरी त्याचा हिशेब पोत्यावर राहिला, तो १९४३ मध्ये युद्धकालीन नियमांनी १००, ५०, २५ अशी सरळ मापे लागू होईपर्यंत.

पोते रिकामे झाले की बाईच्या हाती येई. हे कोणत्याही गिरणीमालकाच्या ध्यानात येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. पोत्याची कड साखळी टाक्याने शिवलेली असे. योग्य टोक सापडले की एका ओढीत सगळी शिवण सुटे, आणि तो दोराही गुंडाळून ठेवला जाई, विणकामासाठी किंवा गोधडीचे टाके घालण्यासाठी. खरी कसोटी पुढे होती. पोत्यावर गिरणीचे नाव आणि चित्र पक्क्या शाईने छापलेले असे. ते घालवण्यासाठी कापड रात्रभर डुकराच्या चरबीत किंवा रॉकेलात भिजवायचे, सकाळी घरी केलेल्या खाराच्या साबणाने घासायचे, उकळायचे, उन्हात टाकायचे, आणि तरीही अक्षरे उरली तर पुन्हा तेच. शंभर पौंडांचे पोते उसवले की सुमारे ३६ इंच रुंद आणि ४४ इंच लांब कापड मिळे. अशा तीन पोत्यांत बाईचा एक झगा होई. ज्या पोत्यावरची अक्षरे निघत नसत, त्याची आतली वस्त्रे होत. पिठाच्या जाहिराती अंगाखाली वागवणाऱ्या मुलामुलींचे विनोद अमेरिकी ग्रामीण आठवणींत भरपूर सापडतात. त्या विनोदांत लाजही पुष्कळ आहे.

याच अक्षरांची आणखी एक हकिगत आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये हर्बर्ट हूव्हर यांच्या मदत आयोगामार्फत अमेरिकी पीठ पोहोचू लागले. सुती कापडाचा उपयोग दारूगोळ्यासाठी होऊ शकत असल्याने प्रत्येक रिकाम्या पोत्याचा हिशेब ठेवावा लागे. ती पोती शाळांत आणि शिवणवर्गांत वाटली गेली. अमेरिकी शेतकरीण जी अक्षरे रॉकेलाने पुसत होती, त्याच अक्षरांवर बेल्जियन मुलींनी रंगीत धाग्यांनी भरतकाम केले आणि त्यांतली कित्येक पोती आभार म्हणून परत पाठवली. आयोवातील वेस्ट ब्रँच येथील हूव्हर ग्रंथालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. तिथे गिरणीचे नाव हाच नक्षीचा गाभा आहे.

आता फुलांकडे. १९२४ मध्ये मिसूरीतील एसा बेल्स या गृहस्थाने चौकड्यांच्या कापडाच्या पोत्याचे एकस्व घेतले. कल्पना अशी, की माल संपल्यावर कापड थेट कपड्यांसाठी वापरता यावे. सेंट लुईसच्या जॉर्ज पी. प्लांट मिलिंग कंपनीने 'गिंगहॅम गर्ल' नावाचे पीठ अशा पोत्यांतून विकले. तेव्हा शेअर बाजार कोसळायला अजून पाच वर्षे होती. म्हणजे ही युक्ती महामंदीच्या आधीची, केन्साससाठी मुद्दाम काढलेली नव्हे, आणि तिच्या मुळाशी एकस्व होते. दयेचे एकस्व कोणी घेत नाही.

मंदीत ही युक्ती फोफावली, त्याचेही कारण हिशेबाचे होते. १९२९ मध्ये पौंडाला सुमारे १७ सेंट मिळवणारा कापूस १९३१ मध्ये ६ सेंटांच्याही खाली गेला. १९३३ मध्ये सरकारने भाव सावरण्यासाठी सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकायला लावला. त्याची भरपाई प्रामुख्याने जमीनमालकांच्या हाती गेली आणि वाट्याने कसणाऱ्या कित्येक कुटुंबांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, जमीन सोडावी लागली. त्यातच कागदी पिशवी स्वस्त पडू लागली होती. कापडी पोत्याने तगायचे तर रिकामे झाल्यावरही त्याला किंमत असायला हवी होती. फुले त्यासाठी छापली गेली. पाठोपाठ सहज धुऊन जाणारी शाई आली, भिजवताच सुटणाऱ्या कागदी पट्ट्या आल्या, पोत्यांपासून काय काय शिवावे हे सांगणाऱ्या पुस्तिका आल्या. १९३८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय कापूस परिषदही या प्रचारात उतरली.

यात वाईट काही नाही. व्यापाऱ्याने व्यापार केला. पण बायकांनी आधीच उभ्या केलेल्या कौशल्याच्या मागे उद्योग धावत गेला, हा घटनाक्रम गोड गोष्टीत उलटा होतो. तिच्यात कर्ता गिरणीमालक, आणि बाई कृतज्ञतेने हात पुढे करणारी.

प्रत्यक्षात या बाईने बाजार वाकवला. अंडी-कोंबड्यांचा पैसा बहुतेक शेतघरांत तिचा असे, पण खाद्य आणायला नवरा जाई. छापील पोती आल्यावर नवऱ्याच्या खिशात कापडाचा तुकडा नमुना म्हणून जाऊ लागला. झग्यासाठी तिसरे पोते त्याच नक्षीचे हवे, आणि ते नेमके थप्पीच्या तळाशी! दुकानदाराने शंभर पौंडांची पोती उपसायची. खाद्याचा कस राहिला बाजूला. शेजारणींत नक्षींची अदलाबदल चाले. इतिहासकारांनी अजून पुरते न उलगडलेले अर्थशास्त्र या थप्पीच्या तळाशी आहे.

दुसऱ्या महायुद्धात या व्यवहाराचे एक टोक थेट बंगालला लागले. अमेरिकेतील जाड्याभरड्या पोत्यांचा ताग कलकत्त्याहून येई. (इंग्रजीतला 'गनी' हा शब्द तर हिंदी-मराठीतील गोणीवरूनच गेला आहे.) १९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरल्यावर ती वाहतूक अडखळली आणि तिची जागा सुती पोत्यांनी घेतली. १९४२ च्या सरकारी आदेशाने बायकांच्या झग्यांची लांबी-रुंदी बांधून टाकली, तरी पशुखाद्याच्या पोत्यावर तसले बंधन नव्हते. त्या वर्षी सुमारे तीस लाख बायका-मुलांच्या अंगावर छापील पोत्यांचे कपडे असल्याचा अंदाज सांगितला जातो, आणि ती सगळी गरीब घरांतली नव्हती. युद्ध संपल्यावर कागद जिंकला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस कापडी पोते जवळपास संपले.

संग्रहाची हौस त्यानंतरची. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट भिंतीवर टांगले आणि गोधडीला चित्राचा मान मिळाला. १९८१ पासून केंटकीने आणि पाठोपाठ इतर राज्यांनी घरोघरच्या क्विल्टांच्या नोंदी घेतल्या. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या, पोती बाहेर आली आणि त्यांना भाव आला.

भाव फुलांना आला, हीच खरी तक्रारीची जागा आहे. सर्वांत मागणी असलेल्या पोत्यांत 'गॉन विथ द विंड' मधील दृश्ये छापलेले एक पोते मोडते. गुलामांच्या मळ्यांचे स्मरणरंजन करणारी कथा, वाट्याने राबणाऱ्यांनी वेचलेल्या कापसावर छापलेली! संग्राहकांच्या वर्णनांत नक्षीची दुर्मिळता असते, या विसंगतीचा उल्लेख क्वचित. उलट साधे पांढरे पोते, ज्याच्यावर अर्धवट पुसलेली अक्षरे आहेत, ते किरकोळ ठरते. वास्तविक बाईचे श्रम त्या पुसटपणात आहेत. छापील फूल यंत्राने उमटवले. अक्षरे हाताने घालवली. कितीदा घासले, कुठे हात थकला, हे त्या डागावरून वाचता येते. ते पोते आज कोणी उत्साहाने विरंजक घालून शुभ्र केले, तर कापड उजळते आणि पुरावा नाहीसा होतो.

तीच गत छिद्रांची. खऱ्या पोत्याच्या कडेला मोठ्या सुईच्या टाक्यांची रांग दिसते. शिवणारा ती कड निरुपयोगी म्हणून कापून फेकतो, आणि त्यानंतर ते कापड पोत्याचे होते असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण त्याच नक्षीचे कापड दुकानात वारावरही विकले जाई. आज तर 'फीड सॅक' या नावाखाली नवी छपाई सर्रास मिळते. नवे कापड नवे म्हणून विकले तर कोणाचे बिघडत नाही. जुन्याचा सोंग घेतलेला तुकडा मात्र पुढच्या अभ्यासकाला नक्कीच फसवेल.

यावर शिवणाऱ्यांचे म्हणणे असे, की पोत्यातून गोधडी करणे हीच त्या कापडाची परंपरा; पेटीत घडी घालून ठेवणे हा तिचा अपमान. म्हणण्यात तथ्य आहे. ज्यांच्या घरी आजीच्या लुगड्यांची वाकळ आहे त्यांना ते लगेच पटेल, कारण वाकळ टिकते ती पांघरल्यामुळे, नवे थर चढल्यामुळे. पण आजीकडे लुगडी येत राहत. पोत्यांचा साठा संपला आहे, त्यात भर पडणार नाही. त्यामुळे भेद करावा लागतो. आधीच कापलेले तुकडे, फाटकी कापडे, नाव-गाव हरवलेली पोती खुशाल शिवावीत. कागदी पट्टी शाबूत असलेले, गिरणीचे नाव वाचता येणारे, कडेची शिवण न उसवलेले पोते मात्र कापू नये. आणि जे कापायचे त्याची कड, मापे, कोणत्या गावातून आणि कोणत्या घरातून आले ही माहिती, क्विल्टच्या मागे पांढऱ्या चिंधीवर लिहून टाचावी. दहा मिनिटांचे काम आहे.

मागच्या बाजूचे महत्त्व अलाबामातील जीज बेंडच्या गोधड्यांनी शिकवले. एकेकाळी गुलाम म्हणून तिथे आणलेल्यांच्या वंशातील बायकांनी झिजलेले कामाचे कपडे जोडून त्या शिवल्या. अस्तराला अनेकदा पिठाची, खताची पोती. २००२ मध्ये ह्यूस्टन येथे त्यांचे प्रदर्शन झाले आणि अमेरिकी कलेची मोठी आकृतिबंध-परंपरा म्हणून त्या गाजल्या. प्रदर्शनात गोधडीची पुढची बाजू दिसते. पोत्याचे अस्तर भिंतीकडे राहते.

स्मिथसोनियनच्या वॉशिंग्टन येथील इतिहास संग्रहालयात एक झगा आहे. केन्सासमधील कॅल्डवेलच्या एका बाईने तो १९५९ मध्ये पोत्यांच्या कापडातून शिवला, कापूस परिषदेने आणि पोते-उत्पादकांच्या संघटनेने भरवलेल्या शिवणस्पर्धेसाठी. तोवर मंदी सरून दोन दशके उलटली होती. बाई गरजेपोटी शिवत नव्हती; जिंकायला शिवत होती. तो झगा आज संग्रहालयात टिकून आहे, कारण त्याच्यासोबत कोणी, कुठे आणि कशासाठी शिवला याची नोंद आली.