मांत्रिक शोधणारा कॅमेरा

आमच्या स्टाफरूममध्ये डब्याच्या सुट्टीत हल्ली मालिकांपेक्षा क्राइम डॉक्युमेंटरींची चर्चा जास्त होते. त्यातही काळी जादू, नरबळी, गुप्तधन असं काही असलं की ती आधी बघितली जाते. मीसुद्धा बघते. दिवसभर उर्दू आणि मराठी शिकवून, रात्री भांडी आवरून मोबाइलवर एक भाग लावला की तास-दीड तास कुठे जातो कळत नाही. त्यामुळे ‘असलं काही बघू नका’ असा उपदेश माझ्याकडून होणार नाही. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. हा कॅमेरा सतत कोणाला शोधत असतो?

तो मांत्रिकाला शोधत असतो. काळे कपडे, डोळ्यांत काजळ, लिंबू, लाल बल्ब, पाठीमागे ढोलाचा आवाज. गुन्हा कोणताही असो, हा माणूस सापडला की गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते. आणि तो नाही सापडला तर?

1 जुलै 2018 ची सकाळ आठवा. दिल्लीतल्या बुराडी भागात एकाच घरात एकाच कुटुंबातली अकरा माणसं मृत सापडली. तीन पिढ्या. दोन मुलं पंधरा वर्षांची, आजी सत्तरी ओलांडलेली. रोज पहाटे उघडणारं त्यांचं दुकान उघडलं नाही म्हणून शेजारी बघायला गेला. पुढचे काही दिवस हिंदी वृत्तवाहिन्यांनी जे केलं ते विसरण्यासारखं नाही. घराच्या भिंतीतून अकरा पाइप बाहेर आले होते, सात वाकडे आणि चार सरळ. मेलेल्यांत बायका सात, पुरुष चार. झालं, आत्मे बाहेर जायचा रस्ता सापडला! हवा खेळती राहावी म्हणून पाइप बसवले, असं घराचं काम करणारा ठेकेदार सांगत होता. पण मग त्याच्याच मुलीला ‘तांत्रिक’ ठरवण्यात आलं. पोलिसांनी तिची चौकशी केली, हाती काही लागलं नाही. ती बाई त्यानंतर त्या वस्तीत कशी राहिली असेल, हे दाखवायला कोणताच कॅमेरा गेल्याचं माझ्या बघण्यात नाही.

लीना यादव यांची ‘हाउस ऑफ सीक्रेट्स: द बुराडी डेथ्स’ ही तीन भागांची डॉक्युमेंटरी 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. या प्रकारातली ती मला सगळ्यात कामाची वाटते, कारण तिथे शेवटी मांत्रिक सापडतच नाही. बाहेरचं कोणीच नाही. वडील 2007 मध्ये वारले. त्यानंतर धाकटा मुलगा सांगू लागला की वडील माझ्यातून बोलतात. त्यांचं बोलणं वह्यांमध्ये लिहून घेतलं जायचं, अकरा वर्षं. त्या वह्यांत कवट्या आणि रक्त नाही. कोणी किती वाजता उठायचं, फोनवर कोण जास्त बोलतं, कोणाकडून आज चूक झाली, पूजा कशी करायची, धंदा कसा वाढवायचा. दुकान वाढलं. ज्या भाचीचं लग्न जमत नव्हतं तिचा जून 2018 मध्ये साखरपुडाही झाला. म्हणजे घरातल्यांच्या हिशेबाने वडिलांचं खरं ठरत होतं. शेवटच्या रात्रीही आपण मरणार असं त्यांना वाटत नव्हतं, वडील येऊन सोडवतील असं वाटत होतं. मानसशास्त्रीय तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनीही ही आत्महत्या नाही, विधी करताना झालेला अपघात आहे, असाच निष्कर्ष काढला.

मला त्यातली एक गोष्ट फार टोचली. शेजारीपाजारी, नातेवाईक सगळे एकच सांगतात: किती चांगलं कुटुंब, मुलं किती शिस्तीची, मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. अशी मुलं वर्गात असली की आम्ही शिक्षक खूश होतो. पालकसभेत त्यांचं उदाहरण देतो. पंधरा वर्षांचं पोर घरात कधीच ‘का?’ विचारत नाही, ही काळजी करण्याची गोष्ट आहे, असं आमच्या बी.एड.च्या कुठल्या तासाला कोणी शिकवलेलं मला आठवत नाही.

या डॉक्युमेंटरीतही अंधाऱ्या खोल्या आहेत, ए. आर. रहमान यांचं संगीत आहे, भीती वाटावी अशी सगळी सोय आहे. माझ्या एका मैत्रिणीने मनोविकारतज्ज्ञ बोलतात तेवढा भाग पुढे ढकलत बघितला. ‘बोअर होतं गं,’ म्हणाली. खरी गोष्ट तिथेच होती.

मांत्रिकाचा शोध नुसता वेळ वाया घालवत नाही, निरपराध माणसांना आत टाकतो. अमेरिकेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. 1993 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिस या छोट्या गावात आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. त्या काळात तिथे टीव्हीवर सैतानपूजेच्या कार्यक्रमांनी लोकांची डोकी आधीच गरम केलेली होती. पोलिसांनी तीन किशोरवयीन पोरं पकडली. त्यांतला एक काळे कपडे घालायचा, हेवी मेटल ऐकायचा, जादूटोण्याची पुस्तकं वाचायचा. सरकारी पक्षाने सैतानी पंथांचा ‘तज्ज्ञ’ म्हणून जो साक्षीदार उभा केला, त्याची डॉक्टरेट टपालाने मिळवलेली होती. दोघांना जन्मठेप, एकाला फाशीची शिक्षा. मग 1996 मध्ये एचबीओवर ‘पॅराडाइज लॉस्ट’ ही डॉक्युमेंटरी आली. तिने कोर्टातला तो सगळा कारभार लोकांसमोर ठेवला. पुढे वर्षानुवर्षं मोहीम चालली आणि 2011 मध्ये तिघे बाहेर आले, अठरा वर्षांनी. म्हणजे ज्या टीव्हीने सैतान दाखवून गाव घाबरवलं, त्याच टीव्हीवरच्या दुसऱ्या एका कॅमेऱ्याने ती पोरं वाचवली. फरक एवढाच की दुसऱ्या कॅमेऱ्याने सैतानाकडे बघायचं सोडून पुराव्याकडे बघितलं.

तिथे काळे कपडे आड आले. आपल्याकडे काय आड येतं, हे या ब्लॉगच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

जून 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावात दोन सख्ख्या भावांच्या दोन घरांत मिळून नऊ जण मृत सापडले. एक भाऊ जनावरांचा डॉक्टर, दुसरा शिक्षक. चिठ्ठ्यांत सावकारांची नावं होती, त्यामुळे आधी सामूहिक आत्महत्या म्हणून सावकारांची धरपकड झाली. आठवडाभरात तपास फिरला. गुप्तधनाच्या नावाखाली या कुटुंबाकडून मोठी रक्कम घेतलेल्या मांत्रिकाने विष देऊन हे खून केले, असं पोलिसांनी सांगितलं. अटक झालेल्या मांत्रिकाचं नाव मुसलमानाचं होतं. त्याच्याबरोबर पकडलेला त्याचा साथीदार हिंदू होता. माझ्या फोनवर त्या आठवड्यात जे फॉरवर्ड आले त्यांत दुसरं नाव एकदाही नव्हतं. एका शिक्षकाला आणि एका डॉक्टरला गुप्तधनावर विश्वास का ठेवावासा वाटला, डोक्यावरचं कर्ज कुठून आलं, गावात कोणाला काही कळलं नाही का, हे प्रश्नही नव्हते. मांत्रिक सापडला होता ना.

आता आपल्या बाजूचं. अशी बातमी आली की आपली माणसं पटकन एक वाक्य म्हणतात, ‘इस्लाममध्ये हे नाहीच.’ खरं आहे. जादू शिकणं-शिकवणं हराम आहे, भविष्य सांगणाऱ्याकडे जाणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही अशी हदीस आपण मदरशात असल्यापासून ऐकतो. पण आपल्या मोहल्ल्यांत ‘रूहानी इलाज’च्या पाट्या कोणासाठी लागलेल्या आहेत? किताबमध्ये नाही म्हणजे गल्लीत नाही, असं होत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, हस्ताक्षर मोत्यासारखं. वर्गातच तिला आकडी यायची. पहिल्या वेळी मुलांनी कांद्यासाठी आणि चपलेसाठी धावाधाव केली, मी तिला कुशीवर वळवून बसून राहिले. आईला बोलावलं. आई म्हणाली, ‘साया है मॅडम, दर जुमेरात को आमिल के पास ले जाते.’ आधी पाचशे, मग पाणी दम करून आणायचे वेगळे, मग काळा बकरा. नवरा रिक्षा चालवायचा. मी म्हटलं, सिव्हिलमध्ये ही गोळी फुकट मिळते. त्यावर ती जे बोलली ते मी कुठल्याच डॉक्युमेंटरीत ऐकलेलं नाही. ‘डॉक्टर कागद पे लिख के देता, मॅडम. कल कू शादी का रिश्ता आया तो? आमिल कागद नहीं देता.’

त्या बाईला जादूटोण्याचं काही पडलेलं नव्हतं. तिला मुलीच्या नावावर आजाराचा पुरावा नको होता. शिवाय आमिल अर्धा तास तिचं ऐकून घ्यायचा, सिव्हिलच्या ओपीडीत तिला दोन मिनिटं मिळाली असती. दोन-तीन महिने मी मागे लागले, एकदा सोबत गेले. गोळ्या सुरू झाल्या, आकडी कमी झाली. तावीज मात्र गळ्यातच राहिला, आणि गुण कशाने आला याचं आमच्या दोघींचं उत्तर शेवटपर्यंत वेगळंच राहिलं.

हा गुन्हा टीव्हीवर येणार नाही. इथे कोणी मेलं नाही. पण गुप्तधनापर्यंत जाणारी माणसं एका रात्रीत तिथे पोहोचत नाहीत, ती याच रस्त्याने जातात. आधी पाचशे, मग बकरा, मग दागिने, मग कर्ज. आणि एवढे पैसे गेल्यावर ‘हे खोटं होतं’ असं मान्य करणं फार महाग पडतं.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. नमाज, दुआ, पूजा, यात्रा यांना तो हात लावत नाही. हा कायदा एकाच धर्माविरुद्ध आहे असा तेव्हा गदारोळ झाला होता. आणि अध्यादेशानंतर काही दिवसांतच नांदेडमध्ये पहिला गुन्हा नोंदला गेला तो कॅन्सर, मधुमेह, एड्स बरे करतो म्हणणाऱ्या दोन मुसलमानांवर! या तपशिलाचा उल्लेख ना त्या गदारोळ करणाऱ्यांनी कधी केला, ना आपल्या जलशांमध्ये मी कधी ऐकला. आपल्याकडे अजूनही हा कायदा ‘त्यांचा’ समजला जातो. माझ्या ओळखीच्या दहा घरांत विचारलं तर आमिलाविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार करता येते, हे आठ घरांना माहीत नसेल.

कोणी नवी डॉक्युमेंटरी काढणार असेल तर माझी एक सूचना आहे. कवटी आणि लाल बल्ब भाड्याने आणू नका. एखाद्या जुमेरातला दुपारच्या नमाजनंतर अशा एका खोलीबाहेर कॅमेरा लावा आणि आत जाणाऱ्यांचे चेहरे न दाखवता फक्त येण्याची कारणं विचारा. मूल होत नाही, नवरा दुसरीकडे जातो, पोरगा दहावीत दोनदा नापास, सून बोलत नाही, दुकान बसलं, मुलीला झटके येतात. बाहेरच्या चपलांमध्ये हिंदू किती, मुसलमान किती हेही जमलं तर मोजा. बाहेर येताना कोणी किती पैसे दिले ते लिहून घ्या, आणि ते पैसे त्यांनी कोणाकडून उसने घेतले होते तेही.