टोमॅटोचे महागडे बी : पैसे कशासाठी मोजावे?

हंगाम तोंडावर आला की रविवारच्या मिस्सानंतर आमचे शेतकरी बांधव एक प्रश्न हमखास विचारतात : "फादर, दुकानदार हजार रुपयांचे टोमॅटोचे पाकीट पुढे करतो. चारशेचेही त्याच फळीवर आहे. घ्यावे कोणते?" कोणी म्हणतो, महाग तेच चांगले. कोणी म्हणतो, ही कंपन्यांची लूट आहे. दोन्ही मते आम्हांस अपुरी वाटतात. भाव पाहून बी घेऊ नये आणि भाव पाहून टाकूही नये. आपल्या शेताचे दुखणे कोणते, हे आधी ओळखावे आणि त्या दुखण्यावर उपयोगी पडेल त्याच बियाण्याला जास्त पैसे मोजावेत, असे आमचे मत आहे.

संकरित बी महाग का, हे प्रथम पाहू. टोमॅटोचे फूल स्वतःच स्वतःचे फळ धरते. दोन निराळ्या वाणांचा संकर करायचा तर कळी उमलण्याच्या आधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढावे लागतात आणि दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावावा लागतो. एकेका फुलाला हे करावे लागते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या हावेरी जिल्ह्यात, राणेबेन्नूरच्या बाजूला, हे काम मोठ्या प्रमाणात चालते. शिवाय दरवर्षी संकर नव्याने करावा लागतो. बंगळूरहून टोमॅटोचे पहिले व्यापारी संकरित बी १९७३ साली बाजारात आले, तेव्हापासून हीच रीत आहे. तेव्हा किमतीत कष्ट आहेत, संशोधन आहे आणि चकचकीत पाकिटाचा खर्चही आहे.

आता हिशेब मांडू. एक ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया बसतात. म्हणजे १० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ३,००० बिया झाल्या. काठ्या व तारा लावून एकरी ७,००० रोपे लावायची तर मरतुक धरून तीन पाकिटे लागतात. चारशे आणि हजार यांतला फरक तीन पाकिटांमागे १,८०० रुपये झाला. टोमॅटो किलोला दहा रुपये गेला असे धरले, तर ही रक्कम १८० किलो मालात वसूल होते. सात हजार झाडांवर वाटले, तर झाडामागे सुमारे २५ ग्रॅम येतात. एका मध्यम फळाचा हा जेमतेम तिसरा भाग झाला. काठी, तार, मजुरी, खत, फवारणी, गाडीभाडे यांपुढे बियाण्याचा खर्च किरकोळ आहे. म्हणून केवळ भावाला भिऊन चांगले बी नाकारणे शहाणपणाचे नाही.

परंतु महाग म्हणजे चांगले, असे यावरून कोणी समजू नये. बी हे औषधासारखे आहे. डोकेदुखीवर पोटाचे महागडे औषध घेऊन काय उपयोग? खानापूरच्या पश्चिमेकडील आणि गोव्यातील आंबट, ओलसर जमिनीत जिवाणूंमुळे होणारा मर रोग फार. हिरवेगार झाड एकाएकी माना टाकते. त्याचे खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरा. कापातून दुधासारखा पांढरा धागा सुटला, तर तो हाच रोग. कोरड्या, उन्हाळी भागात पांढरी माशी विषाणू आणते आणि पाने आखडतात. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेले 'अर्का रक्षक' हे संकरित वाण मर, पाने आखडणे आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देते. ज्याच्या शेतात हे रोग आहेत, त्याने अशा बियाण्याला दोन पैसे जास्त दिले तर ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र उशिरा येणारा करपा, जो थंड व दमट हवेत चार दिवसांत मळा जाळतो, तो निराळा रोग आहे. पाकिटावर लिहिलेले रोग नीट वाचून घ्यावेत. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावेत.

प्रतिकार म्हणजे अभय नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. हजाराचे बी उघड्या वाफ्यात टाकले आणि कोवळ्या रोपांवर पांढरी माशी बसली, तर पैसा तेथेच बुडाला. रोपांवर ४० ते ५० मेशची नायलॉनची जाळी हवीच. जाळीला पैसे नाहीत आणि बियाण्याला आहेत, हा उलटा कारभार झाला. पेरणाऱ्याच्या दृष्टान्तात बी एकच होते, जमिनी तेवढ्या निराळ्या होत्या, हे आपण सर्व जाणतोच.

दुर्मिळ बियाण्यांचा मोह हल्ली तरुणांना फार. काळा टोमॅटो, पिवळा टोमॅटो, द्राक्षाएवढा टोमॅटो! परसात हौस म्हणून चार झाडे लावण्यास आमची हरकत नाही. पण गिऱ्हाईक ठरल्याशिवाय एकरभर लावू नये. बाजारातला व्यापारी लाल, टणक आणि प्रवासात टिकणारे फळ मागतो. आणि भाव पाडण्याचे वा चढवण्याचे सामर्थ्य कोणत्याच बियाण्यात नाही. २०२३ च्या मे महिन्यात नाशिककडच्या शेतकऱ्यांनी भावाअभावी टोमॅटो रस्त्यावर ओतला आणि जुलैत तोच टोमॅटो शहरांत शंभराच्या वर विकला गेला.

सर्वांत मोठा धोका उधारीचा. बी उधार घेतले की औषधही त्याच दुकानातून, खतही तेथूनच, आणि दुकानदार सांगेल तेवढे. सुगीला हिशेब होतो तेव्हा पीक घरचे राहत नाही. रोख जमेल तेवढेच महागडे बी घ्यावे.

परसबागेसाठी 'पुसा रुबी', 'अर्का विकास' यांसारखे सरळ वाण पुरेसे आहेत. त्यांचे बी आपल्या भगिनींनी घरीच धरावे. निरोगी झाडाचे पिकलेले फळ कुस्करून गर दोन दिवस आंबू द्यावा, मग धुऊन तळाशी बसलेले बी सावलीत वाळवावे. संकरित फळाचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत झाडे नाना तऱ्हेची निघतात.

नवे बी पहिल्या वर्षी दोनच ओळी लावावे आणि शेजारी नेहमीचे असावे. पावती, रिकामे पाकीट आणि थोडे बी जपून ठेवावे. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे नोंदणी झालेले बी सांगितल्याप्रमाणे न उतरल्यास भरपाई मागता येते. बियाण्याच्या तक्रारीसाठी शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयातही जाता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आहे. पावती नसेल तर हे सारे हक्क कागदावरच राहतात.

शेवटी आरोग्याचे. योग्य बियाण्याचा खरा लाभ कित्येकदा क्रेटच्या संख्येत दिसत नाही, फवारण्यांच्या संख्येत दिसतो. रोग कमी म्हणजे पंप कमी वेळा पाठीवर. तोंडाला फडके न बांधता, उघड्या पायांनी विष फवारणारे आपले बांधव आम्ही दरसाल पाहतो. एखाद्या बियाण्यामुळे अशा चार फवारण्या वाचत असतील, तर त्याला मोजलेले पैसे महाग नाहीत. वाचत नसतील, तर चारशेचे पाकीटही महागच.