बाळकरामांची मैफल

विनोद म्हणजे काय, हे महाविद्यालयात शिकवताना आम्ही मास्तरमंडळी कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' पुढे करतो आणि 'विसंगती' हा भारदस्त शब्द फळ्यावर लिहून मोकळे होतो. गडकऱ्यांनी मात्र विनोदी लेखनासाठी टोपणनाव घेतले ते 'बाळकराम'! विनोदाचे मूळ मालक कोण, हे त्यांना पक्के ठाऊक असावे.

या मालकांना भेटायचे तर सोलापूरच्या पूर्वभागातल्या एखाद्या पाळणाघरात तासभर बसावे. मी बसलो आहे. दोन वर्षांचे एक गृहस्थ खिचडीची रिकामी वाटी टोपीसारखी डोक्यावर घालतात. शेजारच्या बाईसाहेब, वय वर्षे दीड, क्षणभर टक लावून पाहतात आणि आपलीही वाटी डोक्यावर चढवतात. मग तिसरा, मग चौथी. पाचव्याच्या वाटीत खिचडी अजून शिल्लक असते! पुढे जो हशा पिकतो, तो भल्याभल्या वक्त्यांच्या नशिबी नसतो.

दुसरा खेळ बिस्किटाचा. ते पुढे करायचे आणि समोरच्याने हात पुढे केला की झटकन मागे घ्यायचे. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी तान्ह्या मुलांच्या अशा थट्टेचा अभ्यास केला. वर्षाच्या आतली मुलेसुद्धा घरच्यांची अशी फिरकी घेतात, असे त्यांना आढळले. समोरच्याची अपेक्षा काय, हे उमगल्यावाचून थट्टा साधत नाही. म्हणजे बोलायला लागण्यापूर्वीच मूल दुसऱ्याचे मन वाचू लागते.

आमच्या गावात तर याचे मोल अधिकच. इथे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, कुणाच्या मराठी. तहान लागली की एक 'नीळ्ळु' म्हणतो, दुसरा 'नीरु', तिसरा 'पाणी'. वाटीच्या टोपीचे भाषांतर मात्र कुणालाच करावे लागत नाही.

पण ही मैफल साऱ्यांच्या वाट्याला येत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक कामकरी स्त्रिया असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले; 1976 मध्ये ही संख्या तीसवर आणली. परंतु सोलापुरातल्या हजारो बायका पान-तंबाखू घरी आणून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे. मग सुपाशेजारच्या पोराला 'गप्प बस' म्हणण्यावाचून ती माउली करणार काय? ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. विडीवाल्या वस्तीला अशीच अंगणे हवीत.

आणि आपण पांढरपेशे? पाळणाघर पाहायला गेलो की विचारतो, 'जागा स्वच्छ आहे ना? दूध वेळेवर देता ना? मुले दंगा तर करीत नाहीत ना?' पहिले दोन प्रश्न अवश्य विचारावेत. तिसऱ्याऐवजी मात्र विचारावे, 'आज कोण कुणाला पाहून हसले?' तिथल्या मावशींनी नावानिशी उत्तर दिले, तर मूल खुशाल त्यांच्या हवाली करावे.