सुजलेला सांधा आधी तपासा

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात ‘सांधे धरलेत’ म्हणणारा रुग्ण दाखल झाला, की केसपेपरवर नुसते ‘वात’ लिहून भागत नाही. कोलाम, गोंड वस्तीतल्या तरुणाचा खुबा सिकलसेलमुळे रक्तपुरवठा तुटून खचलेला असू शकतो. बोअरचे फ्लोराइडयुक्त पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्याचा कणा ताठरतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पाण्यातल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा. पावसाळ्यात चिकुनगुनियाही असतोच.

पण खरी घाई एका रुग्णाची. ताप आहे आणि एकच सांधा गरम, लाल, सुजलेला आहे, तर आत पू असू शकतो आणि काही दिवसांत कूर्चा कायमची जाते. तिथे शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी सुईने सांध्यातले पाणी काढून तपासायला हवे. हा गाउट की जंतुसंसर्ग, हे ठरवायला रक्तातल्या युरिक ॲसिडवर विसंबू नये. गाउटच्या ऐन झटक्यात ते प्रमाणात येऊ शकते, आणि वाढलेले दिसले म्हणून जंतुसंसर्ग नाही असेही ठरत नाही.

नातेवाइकांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: दुखण्यावर गावात कोणत्या गोळ्या, पुड्या चालू होत्या? त्यांत स्टिरॉइड असेल आणि दाखल होताच ते अचानक थांबले, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो.

सांध्याचे पाणी काढायला महागडे यंत्र लागत नाही. पुसद, पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयांतल्या प्रत्येक डॉक्टराला हे कौशल्य महाविद्यालयाने शिकवावे आणि नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचेल अशी सोय आरोग्य विभागाने करावी.