बदलीने काम सुधारत नाही

एखाद्या सिस्टरचे काम सतत कमी पडते, हे अख्ख्या वॉर्डाला ठाऊक असते. इनटेक-आउटपुट चार्ट अर्धवट राहतो, सहाचे इंजेक्शन आठला जाते, ओव्हर देताना गंभीर रुग्णाचीच माहिती राहून जाते. मग इन्चार्ज तिला ऑपरेशनचे रुग्ण देत नाहीत, नाइटला जोडीला अनुभवी सिस्टर लावतात. वॉर्ड निभतो. वर्षअखेरीस अहवालात 'चांगली' असा शेरा पडतो आणि अगदीच असह्य झाले की मेट्रनकडे तिच्या बदलीची मागणी जाते. एवढ्या काळात तिला स्वतःला मात्र कोणी काही सांगितलेले नसते.

हा त्या सिस्टरवर अन्याय आहे, आणि तिचे काम उचलणाऱ्यांवरही. सरकारी कर्मचारी देव दत्त यांच्या 2008 च्या खटल्यात नेमका 'चांगला' हाच शेरा बढतीच्या आड आला होता आणि तो त्यांना कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे.

आधी कारण शोधावे. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण कागदावर आहे. चाळीस रुग्णांना रात्री दोघीच असतील, तर दोष रोस्टरचा आहे. नवजात कक्षात प्रशिक्षणाविना पाठवलेली सिस्टर चुकली, तर तिला शिकवावे लागेल, मेमोने भागणार नाही. हे सगळे पुरवूनही ती टाळत असेल, तेव्हाच शिस्तीचा प्रश्न येतो.

बोलणे त्याच आठवड्यात, दार लावून, चार्ट समोर ठेवून व्हावे. "तुम्ही निष्काळजी आहात" यावर फक्त भांडण होते. "सिस्टर, बारा नंबरच्या पेशंटचं युरीन आउटपुट रात्री दोननंतर लिहिलेलं नाही, काय झालं होतं?" याला उत्तर द्यावे लागते. तिचे म्हणणे, ठरलेली मुदत, तारीख आणि दोघींच्या सह्या नोंदवाव्यात. पुढे 1979 च्या शिस्त व अपील नियमांखाली कारवाईची वेळ आलीच, तर अशा नोंदींचाच आधार असतो. 'सगळ्यांना माहीत होते' हे तिथे चालत नाही.

कालपर्यंत जिच्यासोबत डबा खाल्ला, तिला हे सांगणे फार जड जाते. व्यवस्थापनाचा विषय पदवीला असतो, पण हे संभाषण करून पाहिल्याशिवाय जमत नाही. 2027 च्या सिंहस्थात नाशिकच्या वॉर्डांवर मोठा ताण येईल. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. त्याने त्याआधी जिल्ह्यातील सर्व इन्चार्ज सिस्टरांसाठी या संभाषणाचे प्रात्यक्षिक वर्ग घ्यावेत, अशी आमची मागणी आहे.